पाण्याच्या तोफेला न सापडणारी धूळ

परवा आमच्या रस्त्यावरून ती तोफवाली गाडी गेली, मोठ्या पंख्यातून पाण्याचे तुषार उडवत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच व्हिडिओ आला की आता हवा साफ होणार. रस्त्याची जाडीभरडी धूळ त्याने खरंच बसते. पण फुप्फुसात खोलवर जाऊन बसणारी जी बारीक धूळ आहे, पीएम 2.5, ती पाण्याला दाद देत नाही, आणि का देत नाही हे फिजिक्स मला इतकं आवडतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी आकार बघा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे, आणि त्यांचं बरंचसं वजन असतं 0.1 ते 1 मायक्रॉनच्या कणांत. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

आता ओढ्यातला एक दगड डोळ्यासमोर आणा. पाणी दगडाला वळसा घालून जातं. ओंडका वाहत आला तर त्याला वळता येत नाही, तो दगडावर आदळतो. वाळकं पान मात्र पाण्याबरोबर अलगद वळून निघून जातं. आणि पाण्यावर वेडेवाकडे भिरभिरणारे पाणकिडे असतात ना, ते कुठेही जातात, त्यामुळे तेही दगडाला कधीतरी धडकतातच. खाली पडणारा पाण्याचा थेंब म्हणजे हा दगड, त्याच्या बाजूने हवा अशीच वळसा घालते. 10 मायक्रॉनचा कण म्हणजे ओंडका, स्वतःच्या वजनाच्या झोकामुळे थेंबावर आपटतो आणि अडकतो. 0.01 मायक्रॉनचा कण म्हणजे पाणकिडा, हवेचे रेणू त्याला सगळीकडून धक्के देतात (ब्राउनियन गती, अकरावी-बारावीत आठवत असेल) आणि भिरभिरत तो थेंबाला चिकटतो. मधला 0.1 ते 1 मायक्रॉनचा कण म्हणजे पान. आदळायला हलका आणि भिरभिरायला जड, त्यामुळे थेंबाच्या कडेने निसटतो. याला ग्रीनफिल्ड गॅप म्हणतात, कारण 1957 साली ग्रीनफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने पाऊस हवेतले किरणोत्सारी कण किती धुतो याचं गणित मांडताना ही फट दाखवली.

मग पावसानंतर हवा स्वच्छ कशी होते? एक तर पाऊस तासन् तास पडतो, आणि दुसरं म्हणजे ढगात हेच बारीक कण थेंबाचं बी होतात, वाफ त्यांच्यावरच जमते, म्हणजे कण पहिल्यापासून थेंबाच्या पोटातच असतो, पकडायची गरजच नसते. गाडीवरच्या तोफेला हे जमत नाही.

आणि हे कण येतात कुठून? थोडे थेट धुरातून, पण बरेच हवेतच तयार होतात. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, त्याला युरियातून आणि शेणमुतातून सुटणारा अमोनिया भेटतो आणि अमोनियम सल्फेटचा घन कण तयार होतो. चिमणीतून निघाला तो गॅस, शे-दोनशे किलोमीटरवर पोचली ती धूळ.

नियमांची गाडी इथेच घसरते. 2019 ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, चंद्रपूर धरून 19 शहरं आहेत, पण शहरांची प्रगती मोजतात पीएम 10 वर. साहजिकच पैसा झाडू-फवाऱ्यांवर जातो. सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या दिल्लीतल्या पर्यावरण संस्थेने 2024 मध्ये हिशोब मांडला तेव्हा 64 टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर निघाला, उद्योगांवर 0.61 टक्के. दुसरीकडे वीज केंद्रांच्या गंधकावर डिसेंबर 2015 ला मर्यादा घातली, मुदत दोन वर्षांची होती ती वाढतच गेली, आणि जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के युनिटना गंधक काढायचं यंत्र बसवण्यातून सूटच मिळाली. सरकारने बाजू अशी मांडली की हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. अहो पण दुधाचं दही झाल्यावर दूध किती उरलं हे मोजून काय कळणार? मला हा निर्णय चुकीचा वाटतो.

जाता जाता, यज्ञाच्या धुराने हवा शुद्ध होते असे मेसेज हिवाळ्यात हमखास फिरतात. श्रद्धेबद्दल आदर आहे, पण शेणी, समिधा आणि तूप जळलं की पीएम 2.5 च तयार होतो. बंद खोलीत लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर जपा.

चिमणीपाशीच पकडायचं तर कसं, याचं उदाहरण आपल्या डहाणूत आहे. तिथल्या 500 मेगावॉटच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या शेजारी चिकूच्या बागा, 1991 मध्येच तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून 1996 ला तालुक्याच्या पर्यावरणावर लक्ष ठेवणारं प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी, आणि त्यांनी गंधक काढायचं यंत्र बसवायचा आग्रह सोडला नाही. 2007 ला ते सुरू झालं. त्यात धूर समुद्राच्या पाण्यातून नेतात, खारं पाणी मुळात अल्कधर्मी असल्यामुळे गॅस त्यात शोषला जातो, त्यात हवा सोडली की त्याचं सल्फेट होतं, आणि सल्फेट तर समुद्रात आधीपासूनच भरपूर असतं.