टायर, मोटारीचा : काळा रंग, निवड व निगा

मोटारीच्या चाकाच्या रिमवर बसवलेले, दाबाखालील हवा धरून ठेवणारे रबरी कवच. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी कड्याला मराठीत ‘धाव’ असा नेमका शब्द आहे. हवेच्या टायरला मात्र तो चिकटला नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांचे १८४५ चे एकस्व (पेटंट), जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये लावलेला पुनर्शोध आणि मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मोटारीला लावलेले हवेचे टायर हा इतिहास सर्वज्ञात असल्याने येथे विस्ताराने दिलेला नाही. टायर काळा का असतो, तो कसा निवडावा व त्याचा काळेपणा कसा टिकवावा, एवढ्यापुरती ही नोंद मर्यादित आहे.

काळ्या रंगाचा उगम : रबराचा चीक दुधासारखा असतो. आरंभीच्या टायरांत त्यात झिंक ऑक्साइड मिसळत असल्याने ते पांढरट दिसत. मिशलँ कंपनीचा १८९८ पासूनचा टायरांचा माणूस पांढरा आहे, तो यामुळेच. या रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची शुद्ध काजळी, प्रथम कोणी व कशासाठी मिसळली याविषयी एकवाक्यता नाही.

पहिल्या मतानुसार लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील इंडिया रबर, गटापर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स या कारखान्यात एस. सी. मोट यांना १९०४ च्या सुमारास असे आढळले, की काजळी मिसळलेले रबर कितीतरी कमी झिजते. दुसरे मत अधिक लोकप्रिय आहे : अमेरिकेत केवळ रंगासाठी काजळी घातली गेली आणि टायर जास्त टिकतात हे मागाहून लक्षात आले. या कथेत काजळी पुरवणारी कंपनी बिनी अँड स्मिथ, म्हणजे मुलांचे क्रेयॉला खडू करणारीच, असल्यामुळे ती सांगायला गोड लागते. टायर करणाऱ्या गुडरिच कंपनीने तिच्याकडून मोठ्या प्रमाणावर काजळी घेतली, हे मान्य आहे. पण गुडरिचने १९१२ मध्ये डायमंड रबर कंपनी आपल्यात विलीन करून घेतली होती, आणि सिल्व्हरटाउनचे ज्ञान अमेरिकेत पोचले ते याच वर्तुळात. हा क्रम पाहता ‘अपघाताने लागलेला शोध’ ही मांडणी कमी संभाव्य वाटते. तिसरे मत पहिल्या महायुद्धाकडे बोट दाखवते : जस्त पितळासाठी व पितळ काडतुसांसाठी हवे असल्याने रबरात घालण्याचे पांढरे पूरक द्रव्य, म्हणजे जस्ताचे झिंक ऑक्साइड, दुर्मीळ झाले. यातून काळ्या टायरचा प्रसार कसा झाला हे काही अंशी कळते, शोध कसा लागला हे कळत नाही. मिशलँचा काळा टायर १९१७ चा, म्हणजे युद्धकाळातलाच आहे.

त्या काळात टायरचे आयुष्य अनेक पटींनी वाढले, त्याचे सारे श्रेय काजळीला देण्याची पद्धत आहे. ती पुरती रास्त नाही. डायमंड कंपनीतच जॉर्ज ओन्सलेगर यांनी १९०६ मध्ये व्हल्कनीकरणाला (गंधकासह तापवून रबर टणक व टिकाऊ करण्याच्या क्रियेला) वेग देणारी सेंद्रिय द्रव्ये वापरात आणली, आणि विणलेल्या कापडाच्या जागी समांतर दोऱ्यांचे थर आले. या सुधारणाही त्याच सुमाराच्या आहेत.

काजळीचे कार्य : साधारण मोटारीच्या टायरच्या वजनात काजळीसारख्या पूरक द्रव्यांचा वाटा सुमारे पाव हिश्श्याचा असतो. कण जितका बारीक, तितका रबराच्या रेणूंना धरणारा पृष्ठभाग मोठा. म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या भागात एन २२० किंवा एन ३३० अशा बारीक प्रती वापरतात, तर बाजूच्या भिंतीत व आतल्या थरांत एन ५५० किंवा एन ६६० अशा जाड्या. काजळी अतिनील किरण शोषून घेते व घर्षणाची उष्णता पसरवते. १९९२ मध्ये मिशलँने काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका व तिला रबराशी जोडणारे सिलेन वापरून लोटणरोध (टायर रस्त्यावरून फिरताना होणारा विरोध) कमी केला. सिलिका विद्युत्वाहक नसल्यामुळे गाडीवरील स्थितिक विद्युत् जमिनीत उतरेना. तेव्हा टायरच्या मध्यावरून काजळीयुक्त रबराची एक बारीक पट्टी नेण्याची युक्ती निघाली. असे टायरही काळेच असतात, कारण थोडी काजळी त्यांतही घालतात. सारांश, टायरचा काळा रंग हा वरून दिलेला लेप नाही.

निवड : टायरच्या भिंतीवर १८५/६५ आर १५ ८८ एच अशी खूण असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे असलेली) बांधणी, १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरने पेलायच्या कमाल भाराचा सांकेतिक अंक, ५६० किलोग्रॅमचा, तर एच हे अक्षर ताशी २१० किमी. वेगमर्यादेचे. वर्णक्रमात एच आधी येते, पण वेगाच्या कोष्टकात ते २०० च्या यू व २४० च्या व्ही यांच्या मध्ये बसवलेले आहे. ग्राहकाचा, आणि कधी कधी विक्रेत्याचाही, येथे गोंधळ उडतो.

रुंद टायर घालण्याची हौस सार्वत्रिक आहे. तेथे एकूण व्यास पाहावा लागतो. वरील टायरचा व्यास ६२१.५ मिमी. भरतो. त्याच रिमवर १९५/६० घेतल्यास तो ६१५ मिमी., म्हणजे सुमारे एक टक्का कमी होतो. १९५/६५ घेतल्यास ६३४.५ मिमी., म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. दुसऱ्या पर्यायात वेगदर्शक खऱ्याहून कमी वेग दाखवण्याकडे झुकतो व चाक पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासण्याचा संभव असतो. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असा कारागिरांचा ठोकताळा आहे. भारांक मात्र मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

उत्पादनाचा काळ चार अंकांत असतो : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खाचांच्या तळाशी १.६ मिमी. उंचीचे उंचवटे असतात. टायर त्यांना समतल झाला की बदलावा लागतो. बोलीत अशा टायरला ‘गोटा’ म्हणतात. समृद्धी महामार्गावर असे टायर तपासून गाड्या परतवण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये हाती घेतली होती. दोनच टायर नवे घ्यायचे असल्यास ते मागे बसवावेत असे उत्पादक सांगतात, कारण ओल्या वळणावर मागची चाके आधी सुटली तर गाडी सावरणे अवघड जाते. ‘इंजिन पुढे, म्हणून नवा टायर पुढे’ हा गॅरेजमधला युक्तिवाद तरीही प्रबळ आहे.

पावसाळी प्रदेशात खाचांइतकेच महत्त्व हवेच्या दाबाला आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी.), दाबाच्या वर्गमुळाच्या नऊ पट येतो. दाब पौंड प्रति चौरस इंच धरायचा. ३३ दाबाला तो ताशी सुमारे ९६ किमी., तर २५ दाबाला ८३ किमी. भरतो. सूत्र विमानाच्या टायरांवरून काढलेले आहे व साचलेले पाणी खाचांहून खोल असेल तेव्हाचे आहे. मोटारीला ते जसेच्या तसे लावू नये, पण दिशा तीच राहते.

निगा व काळेपणा : चिखल धुऊनही भिंतीवर तपकिरी झाक उरते. ती धुळीची असल्याची समजूत आहे. पुढच्या चाकांवर ब्रेकची लोहयुक्त भुकटी असते हेही खरे, पण मुख्य कारण रबराच्या आतच असते. हवेतील ओझोन ताणलेल्या रबराला बारीक तडे पाडतो. त्याला अटकाव म्हणून रबरात ६ पीपीडी हे द्रव्य व मेण मिसळतात. दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येतात; ६ पीपीडी ऑक्सिडीभवनाने तपकिरी होते. म्हणजे जी झाक घासून काढण्यासाठी ग्राहक धुलाई केंद्राला पैसे मोजतो, ती टायरचे संरक्षण चालू असल्याची खूण होय. टायर फिरताना भिंत वाकते-सरळ होते व त्यामुळे मेण वर येण्यास मदत होते. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या गाडीच्या टायरला तडे लवकर जातात, त्याचे एक कारण हे आहे. स्टेपनीही याला अपवाद नाही. हा शब्द वेल्समधील लनेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. इंग्लंडात तो मावळला, आपल्याकडे टिकला.

सफाईसाठी पाणी, सौम्य साबण किंवा टायरसाठीचे अल्कधर्मी द्रावण आणि ताठ केसांचा ब्रश पुरतो. फेस तपकिरी येईनासा झाला की थांबावे. नंतर टायर पूर्ण वाळवून पॉलिशचा पातळ हात द्यावा व जास्तीचे पुसून घ्यावे. तसे न केल्यास गाडी धावताच पत्र्यावर काळे शिंतोडे उडतात. पॉलिश दोन जातींचे असते. पाण्यात कालवलेल्या सिलिकोनचे पांढरे पॉलिश मंद चमक देते व लवकर उतरते. खनिज तेलातले पॉलिश ओले दिसते, जास्त टिकते, पण त्यातील द्रावके मेण व संरक्षक द्रव्ये विरघळवू शकतात. सिलिकोननेच टायर तडकतो असे मत कारप्रेमींत आढळते. दोष द्रावकांचा असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवण्याचा जुना उपाय तात्काळ काळा रंग देतो, मात्र खनिज तेलाने रबर फुगते व मऊ पडते. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कोणतेही पॉलिश लावू नये. दुचाकीच्या टायरला तर मुळीच नाही, कारण वळताना तिचा टायर कडेपर्यंत रस्त्यावर टेकतो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात दाट पॉलिश बारीक तडे झाकते. भिंत कोरडी पुसून, अंगठ्याने दाबून पाहणे व ते चार अंक वाचणे, हीच तेथे खरी परीक्षा.

६ पीपीडीपासून ओझोनच्या संयोगाने तयार होणारे क्विनोन हे संयुग अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत कोहो सामन माशांच्या मृत्यूस कारण ठरते, असे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून या द्रव्याच्या टायरांतील वापराला पर्याय शोधणे उत्पादकांवर बंधनकारक केले आहे.