पॉवर बँक : निवड आणि वापर

मोबाइल व तत्सम लहान उपकरणे वीजजोडणीपासून दूर असताना चार्ज करण्यासाठी वापरला जाणारा सुटा विद्युत्‌साठा. आत एक किंवा अधिक लिथियम-आयन सेल आणि त्यांचा विद्युत्‌दाब (व्होल्टेज) यूएसबीच्या दाबापर्यंत चढवणारे सर्किट असते.

उगमाबद्दल एकमत नाही. 2001 च्या सुमारास चिनी उत्पादकांनी पेन्सिल सेल जोडून केलेला चार्जर हा पहिला, असे अनेक ठिकाणी म्हटलेले आढळते. मात्र सेलवर चालणारे चार्जर त्याआधीही असावेत. सोनीने 1991 मध्ये बाजारात आणलेला लिथियम-आयन सेल आणि पुढे यूएसबीवर चार्जिंग करण्याची रूढ झालेली पद्धत (तिचे पहिले मानक 2007 चे) यांच्या जुळणीतून आजची पॉवर बँक घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या सेलमागील संशोधनासाठी व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

निवडीतील सर्वाधिक घोळ क्षमतेच्या आकड्यावरून होतो. खोक्यावर ठळक छापलेले 10,000 एमएएच (मिलिअँपिअर-तास, साठ्याचे माप) हे आतल्या सेलचे, सुमारे 3.7 व्होल्टला मोजलेले असतात. म्हणजे ऊर्जा 37 वॉट-तास. यूएसबीतून वीज 5 व्होल्टने बाहेर पडते, त्यामुळे याच ऊर्जेचे 7,400 एमएएच होतात. दाब चढवताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात आणि हाती साधारण 6,300 ते 6,600 लागतात. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापतात तो हाच आकडा. निवडताना तोच वाचावा. 5,000 एमएएच बॅटरीचा फोन अशा बँकेवर जेमतेम दीड वेळा भरतो. ही तफावत सचोटीने केलेल्या मालातही असतेच. खोटा माल ओळखायला वजन उपयोगी पडते. 18650 प्रकारचा सेल (व्यास 18 मिमी, लांबी 65 मिमी) 45 ते 50 ग्रॅमचा असतो आणि त्यात फार तर 3,500 एमएएच मावतात. त्यामुळे 20,000 छापलेली बँक तळहातावर पाव किलोचीही वाटत नसेल, तर ती परत द्यावी. चपटा ‘पॉलिमर’ सेल हाही लिथियम-आयनचाच प्रकार आहे.

कोल्हापुरात या वस्तूची कसोटी पावसाळ्यात लागते. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे स्थलांतराची धावपळ सुरू होते आणि पाणी शिरलेल्या भागांची वीज सुरक्षिततेसाठी तोडावी लागते. 2019 व 2021 च्या महापुरांत वरच्या मजल्यावर अडकलेल्या कुटुंबांना फोन हाच आधार होता. पूरपट्ट्यातील घरात 20,000 एमएएचची बँक जूनपासून पूर्ण भरून, केबलसह, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावी आणि महिन्याकाठी एकदा तपासावी. पावसाळा सरला की मात्र अर्धवट भरलेली ठेवणे सेलच्या आयुष्याला मानवते. पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंतीला 10,000 ची पुरते. तिच्या पोर्टमध्ये पाणी गेले असेल, तर पूर्ण सुकल्याखेरीज केबल लावू नये.

चार्जिंगचा वेग वॉटवर ठरतो. फोनच्या चार्जरवर 67 किंवा 80 वॉट छापलेले असले, तरी तो वेग बहुधा त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर अवलंबून असतो. साध्या बँकेवर तोच फोन संथ भरतो. फोन व बँक दोन्हीकडे ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही सामायिक जलद चार्जिंगची पद्धत असल्यास वेग बऱ्यापैकी मिळतो.

भारतात पॉवर बँकेला आणि (आयएस 16046 या मानकाखाली) आतल्या सेलला बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर दुकानातच, पैसे देण्याआधी तपासता येतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून जाणाऱ्यांनी बँक हातातील सामानातच ठेवावी. परवानगीविना मर्यादा 100 वॉट-तास, म्हणजे सुमारे 27,000 एमएएच.

कवचाची शिवण उकललेली, फुगलेली बँक चार्जिंगला लावू नये, दाबू वा टोचू नये आणि घंटागाडीतील कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. दाबली गेल्यास ती पेट घेऊ शकते, आणि तो धोका कचरा उचलणाऱ्यांच्या अंगावर येतो. वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.