कोथिंबीर आणि पार्सली : बर्लिनच्या बाजारात जुडी निवडताना

नाशिकला गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात कोथिंबीर घेताना कोणी पाटी वाचत नाही. एक काडी मोडून नाकाशी धरली की जुडी गावठी की संकरित, हेसुद्धा कळते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या नाशिककरांची अडचण नेमकी इथे सुरू होते, कारण तिथल्या आठवडी बाजारांत पुष्कळ ठिकाणी माल विक्रेताच उचलून देतो आणि गिऱ्हाइकाने जुड्या उलटसुलट करून पाहणे बरे दिसत नाही. मग सपाट पानांची पार्सली कोथिंबीर समजून घरी येते आणि चटणी वाटून झाल्यावर उलगडा होतो.

कोथिंबीर आणि पार्सली गाजर, जिरे, ओवा यांच्याच कुळातल्या असल्याने त्यांचे साम्य वरवरचे नाही. कुरळ्या पानांच्या पार्सलीने मात्र सहसा कोणी फसत नाही. सपाट पानांची जात नजरेने ओळखायची, तर पानाची कड पाहावी. कोथिंबिरीचे पान पातळ, फिकट हिरवे आणि कडेला गोलसर कातरलेले असते, तर पार्सलीचे पान गडद, किंचित जाड आणि टोकदार दातऱ्यांचे असते. पार्सलीचे देठही अधिक ताठ असतात. मुळासकट बांधलेली जुडी दिसली, तर ती बहुधा कोथिंबीर असते. थाई स्वयंपाकात तिची मुळे वाटणात घालतात, म्हणून आशियाई दुकानांत ती तशी मिळते.

बर्लिनमध्ये मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी भरणाऱ्या तुर्की वळणाच्या बाजारात विशेष सावध राहावे. तुर्की स्वयंपाकात पार्सली मुठीमुठीने लागते, त्यामुळे तिच्या जुड्या चांगल्या भरघोस असतात आणि आपल्या डोळ्यांना त्या कोथिंबिरीच्याच वाटतात. पाटीवर ‘पेटरझीलिये’ किंवा तुर्कीत ‘मायदानोझ’ असेल तर ती पार्सली. कोथिंबिरीसाठी ‘कोरिआंडर’ मागावी.

खरा फरक चुलीपाशी कळतो. कोथिंबिरीचा वास मुख्यतः अल्डिहाइड या उडून जाणाऱ्या द्रव्यांमुळे येतो, म्हणूनच ती वरण किंवा रस्सा उतरवल्यावर भुरभुरायची असते. (काहींना जन्मजात हा वास साबणासारखा वाटतो, तेव्हा जर्मन पाहुण्याने ताटातली कोथिंबीर बाजूला सारली तर वाईट वाटून घेऊ नये.) पार्सलीचा स्वाद शिजवल्यावर तुलनेने अधिक टिकतो, पण तो गवतासारखा आणि थोडा कडवट असतो. त्यामुळे चुकून आलेली पार्सली थालीपिठात किंवा सूपमध्ये खुशाल संपवावी; हिरव्या चटणीत मात्र ती घालू नये. तिच्या वड्याही बेसनात नीट बांधल्या जातात आणि रंगही चांगला येतो, परंतु त्यांना कोथिंबीरवडी म्हणणे मला पटत नाही.

बाजारात कोथिंबीर मिळालीच नाही, तर न भाजलेले धणे चोळून दोन दले करावीत आणि कुंडीत पेरावीत. पार्सलीचे बी उगवायला अनेकदा तीन आठवडेही घेते. धणे त्या मानाने लवकर उगवतात. युरोपातल्या उन्हाळ्याच्या लांब दिवसांत कोथिंबीर भराभर फुलावर येते, म्हणून पेरणी वसंताच्या सुरुवातीला किंवा उन्हाळा सरताना केलेली बरी.