काजूकतलीपेक्षा मोजे बरे

दिवाळीच्या आठवड्यात दादरच्या रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतही मिठाईच्या दुकानात एक कोपरा जरा मोकळा असतो. काचेवर ‘शुगर फ्री’ची पट्टी आणि किलोचा भाव बाकीच्या मिठाईपेक्षा चढा. तिथे थबकणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःसाठी घेत नसतो. सासऱ्यांना डायबेटिस आहे, ऑफिसातल्या मॅडमना आहे, शेजारच्या काकांना आहे, आणि रिकाम्या हाताने जायचं कसं? मग पाव किलो अंजीर रोल बांधून घेतला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहाबद्दलच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा भेटी द्यायच्या माणसांच्या यादीत असं कुणी नाही, असं घर आता सापडणं कठीण.

अंजीर-खजुराच्या रोलमध्ये वरून साखर घातलेली नसते, हे खरं. पण सुक्या खजुराच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते. ती झाडाने घातली की हलवायाने, हे रक्ताला कळत नाही. गुळाचं आणि मधाचं तेच. ‘गुळाची आहे हो, चालते तुम्हाला’ हे वाक्य आपल्याकडे ज्या खात्रीने म्हटलं जातं, तेवढ्या खात्रीने डॉक्टरही बोलत नाहीत.

दुसरा प्रकार खव्याच्या मिठाईचा. तिच्यात साखरेऐवजी अनेकदा मॉल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. ते साखरेच्या जवळपास ९० टक्के गोड. आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, म्हणून रक्तातली साखर कमी वेगाने वाढवतं, आणि त्यात उष्मांकही साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्त. जे शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. सहा-सात तुकडे खाल्ल्यावर पोट गुडगुडतं, कधी जुलाबही होतात, ते यामुळे. शिवाय खव्यात दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, असतेच. दूध आटतं तेव्हा पाणी जातं, लॅक्टोज राहतं. खव्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तेच. वर तूप. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे घन पदार्थाला ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. खव्याचा पेढा या कसोटीला उतरणं अवघडच. पण सुट्या मिठाईच्या खोक्यावर पोषणाचा तक्ता नसतो, त्यामुळे कोण विचारतो?

कृत्रिम गोडव्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती व्हॉट्सॲपवर उलटी फिरते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला दिला. तो सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हता, तसं त्या सल्ल्यातच म्हटलं आहे.

मग ‘गोड नकोच’ म्हणून काही जण चकली, शेव आणि पातळ पोह्यांचा चिवडा नेतात. पण पीठ आणि पोहे म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. लाळेपासूनच ती तुटायला लागते. कुठला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते शुद्ध ग्लुकोजला १०० धरून सांगणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यात साखर ६५ च्या आसपास बसते, तर मैद्याचा पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याने रक्तातलं ग्लुकोज लगेच फारसं वाढत नाही, म्हणून हा उलटा वाटणारा क्रम. समान कर्बोदकं मोजली तर वडापावातला पाव चहातल्या साखरेला मागे टाकू शकतो. मधुमेहाचा संबंध जिभेवरच्या चवीशी नाही, हे एकदा डोक्यात बसलं की भेटीचा विचार मिठाईच्या दुकानाबाहेर पडतो.

खाऊच द्यायचा असेल तर क्रॉफर्ड मार्केटमधून साधे, बिनमिठाचे बदाम, अक्रोड किंवा पिस्ते घ्या, आणि थोडेच घ्या. मात्र ज्यांच्या किडनीवर परिणाम झाला आहे त्यांना पोटॅशियम जपावं लागतं, त्यांच्यासाठी सुका मेवाही विचारूनच. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, ‘शुगर मुळापासून घालवा’ छापाची पुस्तकं अजिबात देऊ नयेत. एक तर चालू गोळ्यांबरोबर त्यांचा परिणाम काय होईल याचा नेम नाही. दुसरं म्हणजे, भेटीच्या कागदात उपदेश गुंडाळून आणणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही.

माझ्या मते सगळ्यात कामाची भेट पायांसाठीची. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. सगळ्यात लांब नसांना फटका आधी बसतो, आणि शरीरातल्या सगळ्यात लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून सुरुवात बोटांपासून: आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. तपासणीची पद्धत अगदी साधी आहे. डॉक्टर नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्यावर टेकवतात. तो बरोबर १० ग्रॅम जोर पडला की वाकतो. रुग्णाने डोळे मिटून ‘लागलं’ एवढंच म्हणायचं. काही जागी ‘लागलं’ येतच नाही. अशा माणसाच्या बुटात खडा गेला तर तो विरार ते चर्चगेट उभ्याने प्रवास करेल, दिवसभर काम करेल, आणि रात्री मोजा काढताना रक्त दिसेल तेव्हा त्याला कळेल.

आता मोज्याचा रंग का महत्त्वाचा ते लक्षात येईल. काळ्या किंवा गर्द निळ्या मोज्यावर रक्ताचा, पुवाचा डाग दिसत नाही. पांढऱ्या किंवा फिकट मोज्यावर दिसतो. मोजा आतून उलटा करून बघा: बोटांशी जाड शिवण असेल तर ती दिवसभर घासते. वरचं इलॅस्टिक इतकं घट्ट नको की पोटरीवर वळ उठतील. सुती, फिकट, बिनशिवणीचे किंवा सपाट शिवणीचे चार जोड. खर्च मिठाईच्या खोक्याएवढाच. सोबत तळवा बघायला लांब दांड्याचा आरसा दिला तर कमरेत वाकता न येणाऱ्या आजोबांना रोज स्वतःचे पाय तपासता येतील. भेगांसाठी एखादं साधं मॉइश्चरायझर, पण ते बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही, तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

याच कारणाने काही लाडक्या भेटी धोक्याच्या ठरतात. गरम पाण्याची पिशवी ही त्यातली पहिली. बधिर पायाला चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो. पाय शेकणारी, रगडणारी विजेची मसाजर यंत्रं आई-वडिलांना ऑनलाइन पाठवायची सध्या फार हौस आहे. पायाला संवेदना कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती नकोत. आणि कोल्हापुरी चप्पल. दिसायला देखणी, पण कडक चामडं, अंगठ्यातला पट्टा आणि टाचेला आधार नाही. निरोगी पायालाही ती सुरुवातीचे काही दिवस चावते. बधिर पायाला ती चावल्याचं कळणारच नाही.

त्याऐवजी एमसीआर चप्पल किंवा सँडल बघा. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक हवेच्या पेशी असलेलं मऊ रबर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी ते वापरात आणलं, आणि बधिरपणाचं कारण वेगळं असलं तरी गरज तीच, म्हणून ते मधुमेहींच्याही कामी आलं. परळला मोठ्या रुग्णालयांच्या आसपास ऑर्थोपेडिक सामानाच्या दुकानांत एमसीआर म्हटलं की लगेच काढून दाखवतात. मागे टाचेला पट्टा असलेलीच घ्या. एक मात्र आहे, पादत्राण ही गुपचूप आणायची भेट नव्हे. माणसाला बरोबर न्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी नीट बसलेली चप्पल संध्याकाळी आवळते. पावसाळ्यासाठी बंद, पाणी लवकर निथळणारी जोडी वेगळी. मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोच्या तापाचे जिवाणू पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात, आणि इथे जखम आहे हेच ठाऊक नसतं.

ग्लुकोमीटर, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन, देण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. पण अनेक घरांत तो आधीच असतो आणि ड्रॉवरमध्ये पडून असतो, कारण स्ट्रिप संपलेल्या असतात. खर्च मशीनचा नाही, स्ट्रिपचा आहे. म्हणून मशीनचं नाव आणि मॉडेल हळूच बघून ठेवा, कारण एकाच्या स्ट्रिप दुसऱ्याला चालत नाहीत, आणि ५० स्ट्रिपची डबी द्या. एक्स्पायरी लांबची बघून घ्या. स्ट्रिपच्या टोकाला एक विकर (एन्झाइम) असतं, ते रक्तातल्या ग्लुकोजवर क्रिया करतं आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन मशीन विजेच्या प्रवाहाच्या रूपात मोजतं. विकराला दमट हवा सोसत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको. डबीचं झाकण उघडं राहिलं तर आकडे भरवशाचे राहत नाहीत. डबी देताना एवढं जरूर सांगा. आणखी एक: आंबा किंवा संत्रं सोललेल्या बोटाने तपासलं तर कातडीवरच्या रसामुळे साखर भलतीच जास्त दिसते. आधी हात पाण्याने धुऊन, कोरडे करून मगच टोचायचं. आणि लागोपाठच्या दोन आकड्यांत थोडा फरक आला तर घाबरायचं नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांची सूट मशीनला असते. प्रयोगशाळेत २०० असेल तिथे मशीनने १७० किंवा २३० दाखवलं तरी ते नियमात बसतं. साखर मोजत राहणारे, दंडाला लावायचे सेन्सर हल्ली मिळतात, पण ते महाग, काही दिवसांनी बदलावे लागणारे, आणि दिवसभर अंगावर वागवायचे. विचारल्याशिवाय देऊ नयेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला उलटा धोकाही असतो. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो, बरळतो. लोकल कुर्ला आणि सायनच्या मध्ये अर्धा तास अडकली आणि जेवणाची वेळ टळली, एवढं पुरतं. अशा वेळी शुद्धीत असलेल्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णालय. चॉकलेट किंवा पेढा इथे कामाचा नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर शोषायला वेळ लागतो. तेव्हा एक छोटी चेनची पिशवी, तिच्यात ग्लुकोज पावडरच्या दोन-तीन मापून बांधलेल्या पुड्या, आणि ‘मला मधुमेह आहे’ असं लिहिलेलं कार्ड. मधुमेह्याला चक्क साखर भेट द्यायची, यात गंमत आहे खरी.

इन्सुलिन घेणाऱ्यासाठी थंड ठेवणारं पाउच ही चांगली भेट आहे, पण कुठलं, ते बघून. इन्सुलिन हे प्रथिन. उष्णतेने त्याची घडी उलगडते, गुठळ्या होतात आणि परिणाम कमी होतो. गोठलं तरी वाया जातं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण ती खोली बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत हवी. बाजारात पाण्यात भिजवून वापरायची पाउच मिळतात. त्यातलं पाणी उडतं आणि गारवा येतो, माठाचंच तत्त्व. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात ती उत्तम चालतात. मुंबईत हवेतच इतकं बाष्प असतं की पाणी उडायलाच तयार नसतं, त्यामुळे गारवा बेताचाच. इथे जेल पॅकचं पाउच बरं, मात्र इन्सुलिनचं पेन आणि बर्फगार जेल यांच्यामध्ये कापड हवं.

वस्तूच द्यायला हवी असंही नाही. जेवणानंतर स्नायू हलले की ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातलं ग्लुकोज आत ओढतात, त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. रात्री जेवून शिवाजी पार्कला एक फेरी मारायला कुणी हाक मारणारं असेल, तर काका निघतात. एकटे असले की टीव्हीसमोर बसतात.

१४ नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन असतो आणि जगभर मधुमेह दिन, कारण इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इन्सुलिनचं पेटंट १९२३ मध्ये टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. त्याआधी वर्षभर, जानेवारी १९२२ मध्ये, इन्सुलिनचं इंजेक्शन मिळालेला पहिला रुग्ण लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा होता. टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मधुमेहाची, अशी मुलं आपल्या ओळखीतही असतात. त्यांच्या वाढदिवसाला पाहुणे ग्लुकोमीटरचं कव्हर, डाएटचं पुस्तक, शुगर फ्री बिस्किटं घेऊन येतात. टाइप वन गोड खाण्याने होत नाही, आणि कर्बोदकं मोजून इन्सुलिन घेतलं तर केकचा तुकडाही त्या मुलाला चालतो, हिशेब त्याच्या आईला तोंडपाठ असतो. त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. बॅट म्हणाला तर बॅट द्या, आणि डायबेटिसचा विषय काढू नका.