‘भाऊ, चालून नाही राहिलं’: तक्रार कशी कळवावी, याबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

आमचे बहुतेक ग्राहक राळेगाव, वडकी, पांढरकवडा या पट्ट्यातले. जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि काही शाळा. तुमच्याकडे आम्ही बसवून दिलेलं सगळं मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं, सॉफ्टवेअर आहे: संगणक चालवणारं उबुंटू, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस, धंद्याच्या हिशेबासाठी ईआरपीनेक्स्ट, आणि त्यावर आम्ही स्वतः जोडलेली काटापट्टीची (काट्यावरच्या वजनाच्या पावतीची) आणि उधारीची पानं. ते वापरायचं कसं, हे तुम्हाला येतं. ते अडलं की आम्हाला कळवायचं कसं, एवढ्यासाठीच हा कागद.

हंगामात आम्हाला सगळ्यात जास्त येणारा मेसेज असा: ‘भाऊ, चालून नाही राहिलं.’ त्याखाली ‘लवकर पाहा’. मग एक मिस्ड कॉल. यावरून तुम्ही अडचणीत आहात एवढं समजतं, बाकी काहीच नाही. कोणत्या पानावर, काय करताना, हे विचारायला आम्ही फोन लावतो तेव्हा मालक बाजार समितीत असतात आणि मुनीम जेवायला गेलेले असतात. दुरुस्ती दहा मिनिटांची असते, अर्धा दिवस विचारपूस करण्यातच जातो. तुमचाही आणि आमचाही.

कपाशीवर गुलाबी बोंडअळीची शंका आली की आपण कामगंध सापळे लावतो. रोज किती पतंग अडकले ते मोजतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, की फवारणीचं पाहतो. २०१७ च्या हंगामाने जे दाखवलं त्यानंतर आपल्याकडे हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. ‘अळी पडली, औषध द्या’ एवढ्यावर चांगला कृषी केंद्रवाला डबा काढत नाही. अळी कोणती, पीक किती दिवसांचं, पात्या आहेत की बोंडं, हे तो आधी विचारतो. आम्हीही प्रश्न विचारतो ते त्याचसाठी.

एका जिनिंगवर घडलेलं सांगतो, म्हणजे आमचं म्हणणं लक्षात येईल.

दिवाळीनंतरचा आठवडा. काट्यावर बंड्या (बैलगाड्या) आणि मेटॅडोरची रांग. मेसेज आला: ‘काटापट्टीत रक्कम शून्य येते. कधी बरोबर येते, कधी नाही.’ सोबत फोटो होता, पण अगदी जवळून काढलेला. त्यात फक्त एकूण रकमेचा चौकोन आणि त्यातलं शून्य. आम्ही दुकानातल्या संगणकावर तशीच पट्टी वीस वेळा केली. वीसही वेळा रक्कम बरोबर आली. भावाची यादी तपासली, नेट तपासलं, त्यांचा बॅकअप आमच्याकडे उतरवून पाहिला. दोन दिवस गेले. तिकडे शून्य दिसलं की मुनीम तीच पट्टी पुन्हा भरत होते. त्यामुळे एकाच बंडीच्या दोन-दोन नोंदी झाल्या आणि रात्री हिशेब जुळेना.

तिसऱ्या दिवशी तिथल्या धाकट्या मुनीमजींना आम्ही विनंती केली, की पुढची पट्टी करताना जे जे कराल ते ओळीने लिहून पाठवा, फालतू वाटलं तरी लिहा. त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला:

‘नवीन पट्टी उघडली. शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं. गाव निवडलं. वजन टाकलं १८.६०. भाव टाकला. रक्कम शून्य.’

‘नाव मराठीत टाकलं’ हे वाचलं आणि उलगडा झाला. नावासाठी कीबोर्ड मराठी केला होता आणि वजन टाकताना तो मराठीच राहिला. त्यामुळे वरच्या रांगेतल्या कळांनी आकडे देवनागरी पडत होते. पडद्यावर लगेच दिसणारी रक्कम जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामची भाषा काढते आणि तिला देवनागरी आकडा संख्या म्हणून कळत नाही. आमच्या पानाने अशा वेळी शून्य धरलं. पट्टी सेव्ह केल्यावर सर्व्हरवर पायथॉन ही दुसरी भाषा तीच रक्कम पुन्हा काढते, आणि पायथॉनला देवनागरी आकडे नीट कळतात. म्हणून सेव्ह झालेली पट्टी बरोबर आणि पडद्यावरची चूक. राहिलं ‘कधी बरोबर, कधी नाही’. थोरले मुनीमजी वजन उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर टाकतात. त्या पॅडवर कीबोर्ड मराठी असतानाही इंग्रजी आकडेच पडत होते. आमच्याकडे तपासणारा मुलगाही पॅडच वापरत होता, आणि शेतकऱ्यांची नावं इंग्रजीत टाकत होता. वीसच काय, दोनशे वेळा करून पाहिलं असतं तरी त्याला शून्य दिसलं नसतं.

ती चूक आमच्या पानातली होती. मराठी माणसाने मराठी आकडा टाकला तर तो चाललाच पाहिजे, आणि आता आमच्या सगळ्या ग्राहकांकडे तो चालतो. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. पहिल्या फोटोत वजनाचा चौकोन आला असता, तर ती पहिल्याच दिवशी झाली असती.

म्हणून आमचं मागणं एकच आहे. अडचण जशी घडली तशी आम्हाला आमच्या संगणकावर घडवता आली पाहिजे. जी चूक आम्हाला इथे घडवून पाहता येते ती सुटतेच. जी घडवता येत नाही, तिच्यावर आम्ही अंदाजाने औषध मारत बसतो.

त्यासाठी तीन गोष्टी लिहा: काय काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने १९९८ साली बगझिला नावाची तक्रारवही सगळ्यांसाठी खुली केली. तेव्हापासून आजच्या गिटहबपर्यंत (प्रोग्राम आणि त्यांच्या तक्रारी ठेवायची वेबसाइट), मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत तक्रार करणाऱ्याला साधारण हेच तीन प्रश्न विचारले जातात. भाषा शुद्ध नसली तरी चालेल. वऱ्हाडीत लिहा, वहीवर लिहून फोटो पाठवा, बोलून पाठवायचं असेल तर तेही चालेल, फक्त पायऱ्या सुटू देऊ नका.

एका कृषी केंद्राकडून आलेली ही तक्रार आम्ही दुकानात चिकटवून ठेवली आहे: ‘उधारीचं पान. खातेदार निवडला, आजची जमा टाकली, सेव्ह केलं. बाकी कमी व्हायला पाहिजे होती. तेवढीच राहिली. काल संध्याकाळपर्यंत बरोबर होतं. दुसऱ्या खातेदाराला करून पाहिलं, तिथं पण तसंच.’ यातली शेवटची दोन वाक्यं आम्हाला फार कामाची. दुसऱ्या खात्यातही तसंच होतं, म्हणजे गडबड त्या एका खात्यात नाही. आणि ‘काल संध्याकाळपर्यंत’ यावरून शोधायचं कुठे हे कळतं. ठिबकची नळी चोकली की आपण ती टोकापासून इंच-इंच तपासत नाही. मधोमध खोलतो, पाणी आलं तर पुढचा अर्धा भाग, नाही आलं तर मागचा. प्रोग्रामर लोकही नेमकं हेच करतात. चांगली चाललेली जुनी आवृत्ती आणि बिघडलेली नवी आवृत्ती यांच्यात हजार बदल झालेले असले, तरी दर वेळी निम्मे बाद करत दहा तपासण्यांत बिघडवणारा बदल सापडतो. पण त्यासाठी ‘चांगलं होतं’ ते कधीपर्यंत, हे तुम्हीच सांगू शकता.

फोटो काढताना पूर्ण पडदा घ्या, वरच्या पट्टीपासून खालच्या घड्याळापर्यंत. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं फुटतात आणि नेमका एररचा क्रमांक वाचता येत नाही. आणि फोटो आधी, बंद-चालू नंतर. संगणक बंद करून चालू केल्यावर पुष्कळदा काम सुरू होतं, हे खरं आहे. पण पडद्यावरची एररची ओळ त्याबरोबर जाते, आणि चार दिवसांनी तीच अडचण परत आली की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. लाइन गेली होती का, इन्व्हर्टर बसला होता का, हेही कळवा. आपल्या भागात निम्म्या वेळा गोष्ट तिथून सुरू होते.

प्रत्येक तक्रारीला आम्ही आता एक नंबर देतो. त्याबद्दल बऱ्याच जणांची नाराजी आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. ‘आधी फोन केला की पोरगं यायचं, आता दवाखान्यासारखा नंबर देता.’ पोरगं आजही येतं. पण तोंडी सांगितलेलं ज्याने ऐकलं त्याच्यापाशीच राहायचं, आणि तो लग्नाला गावी गेला की तुमची तक्रारही त्याच्याबरोबर गावी जायची. आता नंबर टाकला की आमच्यापैकी कुणीही पुढचं पाहू शकतं. तुम्हीसुद्धा वर्षभराने विचारू शकता, की तेव्हा काय झालं होतं. एवढंच सांभाळा की एका नंबरात एकच अडचण असावी. ‘त्यातच अजून एक, प्रिंटर पण पाहा’ असं जोडलं की मूळ काम झालं तरी नंबर बंद करता येत नाही. प्रिंटरचं काम मात्र जुन्या नंबराखाली दबून जातं. तुमची तक्रार दुसऱ्या कुणाच्या तक्रारीला जोडली, असं कळवलं तर वाईट वाटून घेऊ नका. दोघांचं दुखणं एकच निघालं, एवढाच त्याचा अर्थ. सुटेल तेव्हा दोघांचं सुटेल.

कोणाचं काम आधी घ्यायचं हे आम्ही ओळखीवर ठरवत नाही. डेबियन हा मुक्त स्रोत प्रकल्प बगच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीच्या, गांभीर्याच्या सात पायऱ्या मानतो, अगदी गंभीर ते ‘असं असतं तर बरं’ इथपर्यंत. आम्हाला तीन पुरतात. काटा थांबला किंवा पैशाचा आकडा चुकतोय, तर त्याच दिवशी. काम होतंय पण वळसा घालून, तर त्या आठवड्यात. नुसतं डोळ्याला खुपतंय, तर हंगाम सरल्यावर. सगळ्याच मेसेजवर ‘अर्जंट’ लिहू नका, ही मनापासून विनंती. खरोखर बंड्या थांबलेला माणूस त्यात मागे पडतो.

काही चुका आमच्या पानांतल्या नसून मूळ सॉफ्टवेअरमधल्या असतात. त्या आम्ही तिथे नोंदवतो: लिबरऑफिसची त्यांच्या बगझिलावर, ईआरपीनेक्स्टची गिटहबवर. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, तर लिबरऑफिस घडवणारे लोक अनेक देशांत पसरलेले आहेत आणि त्यांतले कितीतरी स्वयंसेवक आहेत. लिबरऑफिसकडे तक्रार गेली की आधी दुसऱ्या कुणीतरी ती आपल्या संगणकावर घडवून पाहायची असते, तोवर ती पक्की धरत नाहीत. त्यांनी विचारलेली माहिती मिळाली नाही तर काही महिन्यांनी तक्रार बंद होते. म्हणून आमचा मुलगा तिथून आलेला प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला तर त्याला पाच मिनिटं द्या. या वह्या जगाला खुल्या असतात, त्यामुळे पडद्याचा फोटो तिथे देण्याआधी शेतकऱ्याचं नाव, आधार, खाते क्रमांक आम्ही झाकतो. तुम्ही आम्हाला पाठवताना झाकाझाक करू नका. वजनाच्या चौकोनासारखं नेमकं कामाचं झाकलं जातं.

तिथे ‘सुटला’ असं लिहून आलं म्हणजे तुमच्या संगणकावर सुटला, असं नाही. लिबरऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षाला दोन येतात, साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, आणि मधल्या काळात दुरुस्तीच्या छोट्या. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर आम्ही लगेच बसवतो. बाकीचं अपडेट कापसाच्या ऐन हंगामात करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. जानेवारीत काटा चालू असताना नवी आवृत्ती टाकणं म्हणजे भरल्या बंडीचं चाक बदलणं आहे. तोवर वळसा घालून काम कसं करायचं, ते त्याच नंबराखाली लिहून देतो.

आणि प्रत्येक अडचण बग नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, ठिबक संच १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर बऱ्याच कृषी केंद्रांनी कळवलं, की जुनं बिल पुन्हा छापलं तर अजून १२ टक्केच दिसतात. ते तसंच दिसायला हवं. २१ तारखेचं बिल त्या दिवशीच्या दरानेच राहणार, ते बदललं असतं तर तो मात्र मोठा बग ठरला असता.

या सॉफ्टवेअरच्या परवान्याचे पैसे आम्ही घेत नाही, ते कुणालाही उतरवून घेता येतं. तुम्ही देता ते आमच्या माणसांच्या वेळेचे, आणि तो वेळ ‘काय झालं’ विचारण्यात न जाता दुरुस्तीत जावा असं आम्हाला वाटतं. वार्षिक करार असलेल्यांकडे दसऱ्याच्या आधी एक फेरी असतेच. यंदा त्यात तुमच्या मुनीमजींना किंवा ऑपरेटरला तासभर बसवून तक्रार लिहायचा सराव करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. करार नसलेल्यांनाही ही फेरी हवी असेल तर पोळ्यापर्यंत नाव सांगावं. पुढे काटे सुरू झाले की आम्हाला गावं फिरायला वेळ मिळत नाही. तक्रारीची छापील वही दुकानात ठेवली आहे, येता-जाता घेऊन जा. तक्रारीसाठी बिलावर छापलेलाच फोन नंबर वापरा. आमच्या मुलांच्या स्वतःच्या मोबाइलवर आलेली तक्रार आमच्या नोंदीत चढत नाही.