डेलियाचे कंद आणि ग्वाल्हेरचा मे महिना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या आत्याच्या जुन्या वाड्यात डेलियाचे कंद वर्षातून दोनदा बिऱ्हाड बदलतात. चैत्रात ते तळघरात जातात आणि आषाढ लागला की पुन्हा वर, देवघराशेजारच्या फडताळात. लहानपणी मला तो आत्याचा चक्रमपणा वाटायचा. पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो, स्वतःचे दोन वर्षांचे कंद घालवून बसलो, तेव्हा तिचं गणित कळलं.

डेलियाबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं. तिथे हे झाड उन्हाळ्यात फुलतं, पहिलं हिम पडलं की पानं एका रात्रीत काळवंडतात आणि मग कंद खणून हिवाळाभर ४ ते १० अंश सेल्सियसला ठेवतात. तिथली भीती गोठण्याची. पेशींतल्या पाण्याचा बर्फ झाला की त्याचे स्फटिक पेशी फाडतात आणि कंदाचा लगदा होतो. आपल्याकडे डेलिया लागतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलतो डिसेंबर ते मार्च. म्हणजे थंडीत तो ऐन भरात असतो आणि झोपायची वेळ येते नेमकी पारा ४५ कडे निघाल्यावर.

खरं तर झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरचं. तिथे उन्हाळ्यात पाऊस आणि हिवाळा कोरडा. कंदाची सोय आहे ती या कोरड्या काळासाठी. दिवस बारा तासांहून लहान झाले की झाड वाढ आवरून खाली साठा भरू लागतं. ग्वाल्हेरचा डिसेंबरातला दिवस साडेदहा तासांचा, त्यामुळे वर फुलं आणि खाली कंद, दोन्ही एकदमच चालू असतं. १७९१ मध्ये माद्रिदमध्ये कावानिय्येस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंडर्स डाल याचं नाव दिलं. मेक्सिकोतल्या लोकांचं जुनं नाव मला जास्त आवडतं, त्याचा अर्थ पाण्याची नळी. खोड पोकळ असतं म्हणून. हे नाव लक्षात ठेवा, कामाला येईल.

या कंदांना कंद म्हणायचं ते सवयीनं. ही फुगलेली मुळं आहेत. बटाटा म्हणजे खोड, त्याच्या अंगभर डोळे. रताळं मूळ असूनही अंगावर कुठूनही कोंब काढू शकतं. डेलियाला ते जमत नाही. त्याचे डोळे फक्त जुन्या खोडाच्या बुडाशी, जिथे सगळ्या मुळांच्या माना एकत्र येतात तिथे. मान मोडली की कंद कितीही गुबगुबीत असो, त्याला पांढरी मुळं फुटतील, कोंब येणार नाही. म्हणून गड्डा उपसताना खोडाला धरून ओढायचं नाही, लांबून खणत यायचं.

आतला साठाही वेगळाच. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला डेलियाच्या कापावर आयोडीन टाकलं तर बटाट्यासारखा निळा रंग येईना. कारण त्यात स्टार्च नसतो, इन्युलिन असतं, म्हणजे फळातल्या साखरेच्या, फ्रुक्टोजच्या, लांब साखळ्या. स्टार्चचे कण घट्ट बसून असतात. इन्युलिन पेशीच्या रसात विरघळलेलं असतं. काप अल्कोहोलमध्ये ठेवले की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पंख्यासारखे स्फटिक दिसतात, तो देखावा विसरता येत नाही. माणसाच्या पोटात हे पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते खातात आणि वायू करतात. एका आषाढीला काकूंनी फडताळातले कंद रताळी समजून किसणीखाली धरलेच होते. विषारी नसतात, पण उपवासाची रात्र अवघड गेली असती.

आता माझी दोन वर्षं. पहिल्या वर्षी कंद टोपलीत घालून पलंगाखाली ठेवले. डेलियाची साल पातळ असते, बटाट्याची बुचासारखी साल त्याला नसते. शिवाय झोपलेला कंदही श्वास घेतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, म्हणजे दहा अंशांपेक्षा तिशीत चौपट. पाणीही जातं, साठाही जळतो. जूनमध्ये टोपलीत खारका निघाल्या. दुसऱ्या वर्षी शहाणपणा केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले. ऑगस्टमध्ये पिशवी उघडली तेव्हा घरच्यांनी मला अंगणात काढलं. कंदानं सोडलेलं पाणी बाहेर गेलं नाही आणि मऊ कुजीच्या जिवाणूंना आयता तलाव मिळाला.

आपल्याकडे दोन शत्रू पाळीपाळीनं येतात, आधी सुकणं, मग सडणं. एकाच जागेनं दोन्ही भागत नाही.

मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या माठाचं तापमान, निदान तत्त्वतः, २४ पर्यंत उतरू शकतं. म्हणून मोठ्या कुंडीत छोटी कुंडी, मधल्या फटीत ओली वाळू आणि आतल्या कुंडीत कोरड्या वाळूत कंद, हा उपाय जूनच्या मध्यापर्यंत उत्तम. जुलैत हवा ३२ अंश आणि ८५ टक्के दमट झाली की तोच माठ जेमतेम दोन अंश गार करतो आणि कंदांना ओल मात्र देतो. वळवाचा पहिला मोठा सडाका झाला की ओली वाळू बंद. आत्याचं तळघरही याच न्यायानं चालतं. जमिनीखाली तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहतं, पण पावसात तिथल्या भिंती पाझरतात.

तळघर आता कुणाकडे आहे? फ्लॅटमध्ये फ्रिजचा भाजीचा कप्पा चालतो. कंद वर्तमानपत्रात गुंडाळायचे, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवायचे, महिन्यातून एकदा चाचपायचे. मऊ लागला तो काढायचा, सुरकुतला त्यावर पाण्याचा हलका शिपका. ठेवण्याआधीचं काम सोपं. मार्चअखेर पानं पिवळी पडली की पाणी तोडा, खोड वीतभर ठेवून कापा, गड्डा उपसा आणि एक दिवस सावलीत उलटा ठेवा. पोकळ नळीत साचलेलं पाणी निथळलं नाही तर कूज डोळ्यांपासूनच सुरू होते. कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावा. धुण्याच्या फंदात मी पडत नाही.

ऑगस्टमध्ये कंद ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, उठवायचे आणि कोंब बोटभर झाले की त्यांचे छाटकलम लावायचे. एक गोष्ट मात्र जानेवारीतच करावी लागते. मोझॅक विषाणू मावा ही कीड पसरवते आणि हा विषाणू कंदातून पुढच्या वर्षी येतो. पानांवर पिवळट पट्टे दिसलेलं झाड तेव्हाच खुणेनं बांधून ठेवायचं, कारण कंदाकडे बघून काही कळत नाही. मी अशा झाडाला लाल दोरा बांधतो, म्हणजे टाकायचं. आत्याकडे लाल दोरा म्हणजे सगळ्यात सुंदर, जपायचं. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी कंद एकाच फडताळात ठेवले होते.