रडायचंबी न्हाई व्हय?

मंगळवार पेठेतल्या आमच्या वैनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि घरी माणसांची रीघ लागली. कुणी शहाळी आणली, कुणी अंबाबाईचं कुंकू. उठताना सगळ्यांचं एकच, "हसत ऱ्हावा, मन खंबीर ठेवा, मग काय हुईत न्हाई." पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी कंगव्यात केसांचा झुबकाच आला. वैनी तो हातात घेऊन म्हणाल्या, "म्हंजे आता रडायचंबी न्हाई व्हय?"

मन खंबीर असलं की कॅन्सर हटतो, या समजुतीला एकदा विज्ञानाचाही आधार मिळाला होता. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ जणींचा अभ्यास केला. त्यातल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसायच्या, मरणाच्या भीतीबद्दलही उघड बोलायच्या. १९८९ साली निष्कर्ष आला: त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. मोठाच गाजावाजा झाला. पुढे कॅनडात २३५ जणींवर तेच करून पाहिलं, तर २००१ साली आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या दुसऱ्या अभ्यासातही नाही.

मला यात निराशेपेक्षा सुटकाच जास्त दिसते. आजार उलटला तर "तूच धीर सोडलास" असं बाईला कुणी ऐकवू नये, एवढं यातून नक्की निघतं. शिवाय कॅनडातल्या त्या बायकांचं दुखणं आणि मनाची तगमग कमी झाली होती, त्यातही आधी जास्त खचलेल्यांची. हे काय थोडं झालं?

खचलेलं ओळखायला डॉक्टरांकडे एक साधी मोजपट्टी असते. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तो शून्य ते दहामध्ये सांगायचा. चार किंवा वर आकडा गेला की पुढची चौकशी. सोबत त्रासाच्या कारणांची यादी असते, तीत पैसा, प्रवास, मुलंबाळंही असतात. (मनासाठी गोळ्या लागल्या तर टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध चालू असल्याचं आवर्जून सांगावं; पॅरॉक्सेटीन, फ्लूऑक्सेटीनसारखी औषधं त्याचा परिणाम कमी करू शकतात. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे.)

वैनींनी सात सांगितला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात बिलाऊज कसा घालू?" आम्ही सगळे मरणाची समजूत घालत बसलो होतो.

हे कळलं ते गल्लीतल्या एका काकूंना. सहा वर्षांपूर्वी त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, दार लावलं आणि पदर बाजूला करून आपला ब्लाउज दाखवला, आतून कापसाची घडी शिवलेला. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते, आणि वैनी शिंपीणबाईचा नंबर लिहून घेत होत्या.